विसार दिल्यावर

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्या काळीं तयार घर विकत घेण्याचे प्रसंग क्वचितच येत असावेत. आज शहरांत बांधण्यापेक्षां विकत घेण्याचेच प्रसंग अधिक. आणि त्या व्यवहारांत मनुष्याची जी परीक्षा होते, ती बांधणाराच्या परीक्षेहून निराळी आहे. बांधणाराचा धीर पाहिला जातो, विकत घेणाराचा शब्द पाहिला जातो. किंमत ठरली, विसार दिला, उभयपक्षीं पेढे वांटून झाले. आणि मग खरेदीखत तोंडावर आलें असतां ‘पांच लाख कमी करा, नाहीं तर आम्हांस जमणार नाहीं’ असें म्हणणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्याच घरांत उपस्थित झाला. त्यावर तीन रात्रीं जेवणें आटोपल्यानंतर जो वाद झाला, त्यांतून मला जें उमगलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

हकीकत अशी. थोरल्या चिरंजीवांनीं पुण्यास कोथरुडांत एक जुना फ्लॅट पाहिला. मालक म्हणजे एक वृद्ध दांपत्य; मुलगी बंगळूरास, तिच्या जवळपास राहावयास जाण्याच्या तयारींत असलेलें. किंमत ८० लाख ठरली, २ लाख विसार दिला आणि दीड महिन्यानें खरेदीखत करावयाचें उभयतांनीं मान्य केलें. मध्यंतरीं तीन गोष्टी घडल्या. पहिली ही कीं, ओळखीच्या एका स्थापत्य अभियंत्यास घर दाखविलें तेव्हां न्हाणीघराच्या छतांत, खोट्या छताच्या वरच्या अंगास, ओल मुरून लोखंडी सळया गंजल्याचें आढळलें. दुसरी ही कीं, बँकेच्या मूल्यमापकानें घराची किंमत ७२ लाखच धरली. आम्हांस जें कर्ज मिळावयाचें होतें तें किंमतीच्या शेंकडा ८० इतकें. म्हणजे ६४ लाखांच्या ठिकाणीं ५७ लाख ६० हजार. तब्बल ६ लाख ४० हजारांचें भगदाड पडलें. तिसरी गोष्ट आमच्या पुतण्यानें शोधून आणली. त्या दांपत्यानें बंगळूरास घर घेतलेलें असून त्याचा अखेरचा मोठा हप्ता आमच्या पैशांतूनच भरावयाचा होता, आणि त्याची मुदत आमच्या खरेदीखतानंतर अवघ्या दोन दिवसांनीं संपत होती.

पुतण्या हुशार आहे, व्यापारी पेढींत काम करतो. तो म्हणाला, “काका, आतां ते मागें फिरूं शकत नाहींत. आज कांहींच बोलूं नका. आदल्या दिवशीं पांच लाख कमी सांगूं. चार तरी सुटतील.”

मीं नापसंती दर्शविली तेव्हां थोरल्या सूनबाई शांतपणें म्हणाल्या, “बाबा, नीति खरीच, पण हप्ते आम्हां दोघांच्या पगारांतून जाणार. चार लाख म्हणजे आमचे सात महिन्यांचे हप्ते.” त्यांचें बोलणें खोटें नव्हतें. दुसऱ्याच्या कमाईवर आपण उदार होणें ही म्हातारपणची एक सोपी चैन आहे, हें मला ठाऊक आहे. म्हणून त्या रात्रीं मीं उत्तर दिलें नाहीं. उत्तराऐवजीं मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती दुसऱ्या रात्रीं मीं मुलांस सांगितली.

इ. स. १९९१ मध्यें धाकट्या बहिणीच्या लग्नासाठीं आमच्या अण्णांनीं वाईचें राहतें घर विकावयास काढलें. एका परिचित गृहस्थांशीं १ लाख ८० हजारांचा सौदा ठरला. लग्नास बारा दिवस उरले होते. पत्रिका गेल्या होत्या, कार्यालयास आगाऊ रक्कम पोंचली होती. खरेदीखताच्या आदल्या संध्याकाळीं ते गृहस्थ आले, ओसरीवर बसले, आईनें दिलेला चहा प्यायले, आणि बशी खालीं ठेवतां ठेवतां म्हणाले, “मास्तर, दीडच लाख जमताहेत. पाहा बुवा, तुमची अडचण व्हायला नको.” घरांत त्यांस नवीन दोष सांपडला नव्हता, त्यांच्यावर संकटही कोसळलें नव्हतें. अण्णांनीं मान हालविली, आणि दुसऱ्या दिवशीं दीड लाखांस सही केली. लग्न नीट पार पडलें. पुढें एकदां बोलण्याच्या ओघांत अण्णा एवढेंच म्हणाले, “तीस हजार गेले याचें कांहीं नाहीं. माझ्या मुलीच्या लग्नाची तिथि मोजून नेले, याचें वाटतें.” तीस हजारांची ती भर आम्ही पांच वर्षांत भरून काढली, परंतु त्या चहाच्या बशीचा आवाज मला अजून ऐकूं येतो.

मुलांस मीं विचारलें, “त्या गृहस्थांनीं कोणता कायदा मोडला?” कोणास सांगतां येईना. सौदा तोंडीच होता, बळजबरी झाली नव्हती, अण्णांनीं आपल्या हातानें सही केली होती. तरीही ते गृहस्थ चुकले असें आमच्या घरांतील प्रत्येकास वाटलें. तेव्हां चूक कोठें आहे तें नेमकें शोधून काढणें, हेंच खरें काम होतें.

या बाबतींत आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं जितका बारकाईनें विचार केला आहे, तितका आपण सहसा करीत नाहीं. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’ हें एक स्वतंत्र पद आहे. अनुशय म्हणजे देवघेव झाल्यानंतर होणारा पश्चात्ताप. मनुष्यास असा पश्चात्ताप होतोच, हें मनूनें गृहीत धरलें आणि त्यास दहा दिवसांची मुभा दिली. याज्ञवल्क्य व नारद यांनीं वस्तूगणिक परीक्षेच्या मुदती ठरविल्या: दुभत्या जनावरास तीन दिवस, ओझें वाहणाऱ्यास पांच, रत्नांस सात, बियाण्यास दहा. यांतील मर्म असें कीं, मुदत जी दिली ती वस्तूच्या परीक्षेसाठीं. गाय दूध देते कीं नाहीं, बीं उगवतें कीं नाहीं, हें पाहावयाचें; गाय विकणाराच्या घरीं दुखणें किती वाढलें आहे, हें पाहण्यासाठीं ती मुदत नव्हे.

कौटिल्यानें तर हें अधिक स्पष्ट केलें आहे. विकत घेतलेला माल न स्वीकारणारास तो बारा पण दंड सांगतो. मात्र तीन कारणें वगळतो. पहिलें, मालांतच दोष असणें. दुसरें, राजा, चोर, अग्नि किंवा पाणी यांपासून बाधा पोंचणें. आणि तिसरें, माल अगदींच गुणहीन असणें किंवा सौदा आर्त मनुष्याकडून झालेला असणें. हें तिसरें कारण मुलांस वाचून दाखवितांना मी थबकलों. विकणाराची जी अडचण आमच्या पुतण्यास हातांत आलेलें शस्त्र वाटली, तीच अडचण दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या कठोर अर्थशास्त्र्यानें व्यवहारास बाध आणणारी म्हणून गणली आहे. कौटिल्यास भोळा म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं.

घराच्या विक्रीविषयीं तो आणखी एक रीत सांगतो. घरासमोर शेजाऱ्यांच्या समक्ष घराची घोषणा करावी, ‘या किंमतीस कोण घेतो’ असें तीनदां पुकारावें, आणि कोणी आड न आल्यास मग ग्राहकानें घ्यावें. किंमत चारचौघांत उच्चारली गेल्यावर ती आदल्या संध्याकाळीं ओसरीवर बसून उतरविणें अवघड. विसारास संस्कृतांत जो शब्द आहे तोही ध्यानांत घेण्याजोगा आहे: ‘सत्यंकार’, म्हणजे शब्द खरा करणें. सत्यंकार घेऊन जो फिरेल त्यानें दुप्पट परत करावें, असें याज्ञवल्क्याचें वचन. आणि देणाराच फिरला तर त्यानें दिलेलें गमवावें, असें मिताक्षराकारांचें विवरण. आपण विसारास केवळ किंमतीचा पहिला हप्ता समजतों. पूर्वजांनीं तो शब्दाचा जामीन मानला.

आतां प्रचलित कायदा पाहूं. इ. स. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें विक्रीच्या करारानें घरावर खरीददाराचा कोणताही हक्क उत्पन्न होत नाहीं. शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या घराची विक्री नोंदलेल्या दस्तानेंच पुरी होते. साठेखत लेखी असेल तर त्यांतील किंमत दोघांवरही बंधनकारक असते, आणि इ. स. २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा करार पुरा करून घेणें न्यायालयांतून पूर्वींपेक्षां सुलभ झालें आहे. परंतु न्यायालयाची पायरी चढून निकाल मिळेपर्यंत लागणारीं वर्षें आणि बंगळूरच्या हप्त्यास उरलेले दोन दिवस, यांचा मेळ कसा बसावा? ऐनवेळीं किंमत उतरविणारा कायद्याच्या जोरावर उतरवीत नाहीं. तो दिनदर्शिकेच्या जोरावर उतरवितो. ज्याला दिवस नाहींत त्याला हक्क असून नसल्यासारखे. ‘अडला हरि गाढवाचे पाय धरी’ ही म्हण आपण हंसत हंसत वापरतों. परंतु तींत आपली भूमिका कोणती, याचा विचार करीत नाहीं.

याच कायद्याचें ५५ वें कलम मात्र घर घेणाऱ्या प्रत्येकानें वाचावें. जो महत्त्वाचा दोष विकणारास माहीत आहे, घेणारास माहीत नाहीं व साधारण काळजी घेऊनही त्यास कळण्यासारखा नाहीं, तो विकणारानें सांगितला पाहिजे. आणि उलटपक्षीं, विकणाराच्या हक्काचें मोल बरेंच वाढविणारी एकादी गोष्ट घेणारास माहीत असून विकणारास ती ठाऊक नसेल असें घेणारास वाटत असेल, तर ती त्यानें विकणारास सांगितली पाहिजे. दोहोंपैकीं कोणीही हें सांगणें टाळलें, तर कायदा त्यास कपट म्हणतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेंही घर घेणें हा लपंडाव नव्हे.

हा रोग केवळ आपल्याकडचा आहे असें नाहीं. इंग्लंडांत घराची किंमत मान्य झाली तरी करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधला जात नाहीं. तेथें विकणारानें मागाहून किंमत चढविण्यास ‘गझंपिंग’ आणि घेणारानें अदलाबदलीच्या तोंडावर ती उतरविण्यास ‘गझंडरिंग’ अशीं नांवेंच पडलीं आहेत. तेथें एक मनुष्य आपलें घर विकून दुसऱ्याचें, तो तिसऱ्याचें, अशी सांखळी असते; एका टोंकाचा मनुष्य अडून बसला कीं सगळी सांखळी ताणली जाते, आणि ती तुटूं नये म्हणून विकणारा नमतो. शेजारच्या स्कॉटलंडांत वकिलांच्या पत्रापत्रींतून करार त्या मानानें लवकर बंधनकारक होतो, शिवाय इ. स. २००८ च्या अखेरीपासून तेथें बहुतेक घरें विक्रीस मांडतांनाच पाहणीचा अहवाल विकणारानें पुढें ठेवावयाचा असतो. दोष आधीं कळले म्हणजे मागाहून काढावयास निमित्त उरत नाहीं. माणसें सर्वत्र सारखींच. रीत नीट असेल तर मोहास जागा कमी, एवढेंच.

हें सर्व बोलून झाल्यावर तिसऱ्या रात्रीं मीं मुलांस एक कसोटी सुचविली. किंमत कमी मागण्याचें कारण कोठून आलें, हें पाहावें. तें घरांतून आलें आहे, आपल्या पिशवींतून आलें आहे, कीं समोरच्याच्या गळ्याला लागलेल्या फांसांतून आलें आहे? या तिहींस तीन निराळीं उत्तरें आहेत.

घरांतून आलेलें कारण, म्हणजे गंजलेल्या सळया, नकाशाबाहेरचें बांधकाम, थकलेला कर, हक्कांतील त्रुटि, हें बोलून दाखविण्यांत शब्दभंग नाहीं. आपण किंमत कबूल केली ती दिसलेल्या घराची. मागाहून निराळेंच घर निघालें तर बोलणें न्याय्य आहे. परंतु तें कळलें त्याच दिवशीं बोलावें, कागद दाखवून बोलावें, आणि दोषाच्या खर्चाइतकेंच बोलावें. दीड लाखाच्या दुरुस्तीवर पांच लाख मागणें म्हणजे खऱ्या कारणाच्या आड खोटें कारण लपविणें होय. आणि दोष महिनाभर पोटांत ठेवून आदल्या दिवशीं काढणें, हें तर खऱ्या कारणाचेंही विष करणें होय.

आपल्या पिशवींतून आलेलें कारण निराळें. बँकेनें कमी कर्ज दिलें, नोकरींत अडचण आली, हा समोरच्याचा अपराध नव्हे. मूल्यमापकाचा आंकडा हा बँकेची सावधगिरी आहे, घराचा दोष नव्हे. असें झाल्यास मोकळेपणें सांगावें, मुदत मागावी. समोरच्यानें आपखुशीनें कांहीं सोडलें तर आभार मानून घ्यावें. आणि जमतच नसेल तर विसार सोडून वेळेवर बाजूस व्हावें, म्हणजे त्यास दुसरा ग्राहक पाहतां येईल. भाव उतरले हेंही कारण याच वर्गांतलें. भाव चढले असते तर आपण होऊन अधिक दिले असते काय, असें स्वतःस विचारावें. उत्तर ‘नाहीं’ असेल, तर तोंड उघडूं नये.

तिसरें कारण, म्हणजे समोरच्याची निकड. या कारणास एकच उत्तर: मौन.

पुतण्यानें येथें जो आक्षेप घेतला तो योग्य होता. तो म्हणाला, “काका, भाव ठरवितांनाही आपण त्यांची निकड पाहतोंच. मग पहिल्या दिवशीं पाहिली तर चतुराई आणि शेवटच्या दिवशीं पाहिली तर पाप, हें कसें?” यावर माझें उत्तर असें. पहिल्या दिवशीं विकणारा मोकळा असतो. त्याच्यापुढें दुसरे ग्राहक असतात, तो ‘नाहीं’ म्हणूं शकतो. आपला शब्द घेतल्यावर तो बाकीच्यांस परत पाठवितो, सामान बांधतो, दुसरीकडे पैसे गुंतवितो. म्हणजे शेवटच्या दिवशींची त्याची निकड ही बव्हंशीं आपल्याच शब्दानें उत्पन्न केलेली असते. ज्याला आपण भरंवसा देऊन अडकविलें, त्याच्याकडून त्या अडकण्याची किंमत वसूल करणें, हा भेद आहे. पहिली ती घासाघीस, दुसरी अडवणूक. पुतण्या पुष्कळ वेळ गप्प राहिला. त्याला पटलें असें मी म्हणत नाहीं. परंतु त्यानें आपली सूचना पुन्हां काढली नाहीं.

शेवटीं आम्हीं असें केलें. अभियंत्याकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घेतला. तो १ लाख ४० हजारांचा निघाला. खरेदीखतास अद्याप तीन आठवडे असतां चिरंजीव तो कागद व छायाचित्रें घेऊन त्या गृहस्थांकडे गेले. छतावरच्या ओलीची कल्पना त्यांसही नव्हती. त्यांनीं आपला माणूस आणून खात्री केली, आणि तेवढी रक्कम किंमतींतून वजा झाली. बँकेच्या आंकड्याविषयीं आम्हीं त्यांस सांगितलें, परंतु त्यावरून कांहीं मागितलें नाहीं. किंमत ७८ लाख ६० हजार झाली आणि तरीही ५ लाख कमी पडत होते. त्यांतले ३ लाख माझी निवृत्तीची ठेव मोडून दिले आणि २ लाख धाकट्या चिरंजीवांनीं घातले. उपदेश करणारानें आधीं आपली ठेव मोडावी, नाहीं तर सूनबाईंच्या सात महिन्यांच्या हप्त्यांस माझ्याजवळ उत्तर नव्हतें. एकत्र कुटुंबाचा उपयोग अशाच वेळीं होतो; एकट्यादुकट्यास सचोटी महाग पडते, चौघांत ती वांटून घेतां येते.

ज्यांस पुढें असा प्रसंग येणार आहे, त्यांस दोन गोष्टी सुचवितों. विसार देण्यापूर्वीं घर जाणत्या मनुष्यास दाखवावें आणि वकिलाकडून ३० वर्षांचा हक्कशोध घ्यावा. विसार देऊन मग परीक्षा करणें हा उलटा क्रम आहे, आणि आम्हीं तोच केला. दुसरें असें कीं, विसारपावतींत अटी स्पष्ट लिहाव्या: अमुक इतकें कर्ज मंजूर न झाल्यास काय, हक्कांत दोष निघाल्यास काय, कोणी फिरल्यास विसाराचें काय. कागदावर आधीं लिहिलेली अट ही सावधगिरी ठरते. तीच मागाहून तोंडी आली म्हणजे दगाबाजी होते. विकणारांसही हेंच लागू आहे. अधिक देणारा भेटला म्हणून विसार परत करावयास धांवणारे कांहीं थोडे नाहींत.

खरेदीखत झालें त्या दिवशीं दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर त्या गृहस्थांनीं किल्ल्यांबरोबर एक वही चिरंजीवांच्या हातीं दिली. पाण्याची मुख्य चावी कोठें आहे, स्वयंपाकघरांतलें कोणतें बटण कोणत्या दिव्याचें, पश्चिमेच्या खिडकींतून पाऊस कोणत्या वाऱ्यानें आंत येतो, नळ दुरुस्त करणारा विश्वासू माणूस कोण, असें सारें वळणदार अक्षरांत लिहिलें होतें. वाईचें घर सोडतांना अण्णांस त्या गृहस्थांना असेंच पुष्कळ सांगतां आलें असतें. माजघराच्या कोपऱ्यांतली फरशी उचलली कीं खालीं जुनें पेव आहे, हें तर नक्कीच. त्यांनीं सांगितलें नाहीं. किल्ल्या ओसरीवर ठेवून ते निघून आले.